बीज सुटल्याची खबर अंगठी देते, पण सुटून गेल्यावर

लग्नाला सहा महिने होत आले की वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावात प्रश्न सुरू होतात. आधी हसत हसत, "काय, गोड बातमी कधी?" वर्ष उलटलं की आवाज खाली येतो, "कुणाला दाखवलं का?" हा प्रश्न बहुतेक वेळा सुनेलाच विचारला जातो. उत्तर शोधायला ती मोबाईल उघडते आणि तिथं तिला एक अंगठी दिसते. रात्री बोटात घालून झोपायचं, सकाळी ॲप सांगणार की तुमचे 'फर्टाईल' दिवस कोणते. पंधरा-वीस सेकंदांची रील, खाली लिंक, आणि चांगल्या कंपनीची अंगठी घ्यायची तर किंमत वीस हजारांच्या पुढे.

ही वस्तू थोतांड नाही. ती जे मोजते ते शरीरात खरंच घडत असतं आणि डॉक्टरांना ते शंभराहून जास्त वर्षांपासून माहीत आहे. पण ती नेमकं काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे रीलमध्ये येत नाही. मूल हवं असलेल्या जोडप्यासाठी तेवढंच महत्त्वाचं असतं.

अंग गरम का होतं?

पाळीचा पहिला दिवस म्हणजे दिवस १, असं मोजायला सुरुवात करू. या दिवसापासून बीजकोशात एक छोटी पाण्याची पिशवी वाढू लागते. तिला फॉलिकल म्हणतात आणि तिच्या आत स्त्रीबीज असतं. पिशवी पुरेशी मोठी झाली की मेंदूच्या खालच्या ग्रंथीतून एलएच नावाचं संप्रेरक एकदम जास्त प्रमाणात सुटतं, आणि त्यानंतर साधारण २४ ते ३६ तासांत पिशवी फुटून बीज बाहेर पडतं. पुस्तकात याला बीजोत्सर्ग म्हणतात, रिपोर्टमध्ये ओव्ह्युलेशन, आणि दवाखान्यात ताईंना सांगताना सरळ "अंडं फुटलं" म्हणतात.

फुटलेल्या पिशवीच्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते. तिचं नाव पीतपिंड. ती प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक बनवते. प्रोजेस्टेरॉनचं मुख्य काम गर्भपिशवीचं अस्तर गर्भासाठी तयार करणं. पण त्याचा आणखी एक परिणाम होतो. मेंदूचा जो भाग शरीराचं तापमान ठरवतो, तिथला आकडा ते किंचित वर सरकवतं. ही वाढ फार नसते, साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअस. आपल्याकडच्या थर्मामीटरवर आकडे फॅरनहाईटमध्ये येतात, त्यात ती अर्धा अंश किंवा थोडी जास्त भरते. हात लावून कळणार नाही, ताप आल्यासारखंही वाटणार नाही. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं, तापमान खाली येतं आणि पाळी येते. गर्भ राहिला तर तापमान वरच राहतं.

म्हणजे क्रम असा आहे: आधी बीज सुटतं, मग प्रोजेस्टेरॉन वाढतं, मग अंग गरम होतं. हा क्रम लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आनंदीबाईंच्या कॉलेजातली एक जुनी विद्यार्थिनी

या शोधाला मराठी माणसाला ओळखीचा वाटेल असा एक धागा आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली ज्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, त्याच संस्थेतून २२ वर्षं आधी, १८६४ मध्ये, मेरी पुटनम जेकोबी नावाची तरुणी डॉक्टर झाली होती. पाळीच्या काळात बाईला विश्रांती हवीच का, तिची बुद्धी आणि ताकद त्या दिवसांत खरंच कमी होते का, असा वाद तेव्हा अमेरिकेत चालू होता. मुलींना उच्च शिक्षण देऊ नये म्हणणारे लोक पाळीचं कारण पुढं करत. जेकोबीनं बायकांना प्रश्न विचारले, नाडी आणि तापमान यांच्या नोंदी घेतल्या आणि १८७६ साली हार्वर्डचं बॉयल्स्टन पारितोषिक मिळवलं. पाळीमुळं बाई कामाची राहत नाही याला पुरावा नाही, असा तिचा निष्कर्ष होता. महिनाभरात तापमान चढतं-उतरतं, हे नोंदवणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. 'बाहेर बसण्या'ची प्रथा जिथं अजून पुरती गेलेली नाही, तिथं ही गोष्ट जरा जास्त सांगितली गेली पाहिजे.

पुढं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत थिओडोर व्हॅन डे व्हेल्डे या डच डॉक्टरनं या चढ-उताराचा संबंध बीजकोशाशी जोडला. तेव्हापासून सकाळी उठल्या उठल्या तापमान घ्यायचं आणि कागदावर आलेख काढायचा ही पद्धत चालत आली आहे. अंगठी तेच करते. फरक इतकाच की ती झोपेत करते आणि आलेख स्वतः काढते.

एक महिना आकड्यांत

समजा एका बाईची पाळी ३१ दिवसांनी येते. ती रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी जिभेखाली थर्मामीटर धरते. पाळी थांबल्यापासून सतराव्या दिवसापर्यंत आकडे ९७.२ ते ९७.५ च्या दरम्यान फिरतात. अठराव्या दिवशी ९७.९ येतो. एकोणिसाव्या दिवशी ९८.०, विसाव्या दिवशी ९८.१. आणि मग पाळी येईपर्यंत आकडे खाली येत नाहीत.

आलेख वाचायचा जुना नियम असा: आधीच्या सहा दिवसांपेक्षा सलग तीन दिवस तापमान वर राहिलं, तर बीज सुटलं असं धरायचं. एका दिवसाच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही, कारण रात्रीचं जागरण किंवा अंगातली कणकणसुद्धा एखादा आकडा वर नेते. या नियमानं आपल्या उदाहरणातल्या बाईला विसाव्या दिवशी कळलं की तिचं बीज बहुधा सतराव्या दिवशी सुटलं होतं.

आता अडचण बघा. सुटलेलं बीज जगतं १२ ते २४ तास. म्हणजे विसाव्या दिवशी जेव्हा खबर मिळाली, तेव्हा त्या महिन्याची संधी जाऊन दोन-तीन दिवस झाले होते.

ॲप कितीही हुशार असलं तरी हा उशीर पूर्ण पुसता येत नाही, कारण ते ज्या खुणेवर चालतं ती खूणच बीज सुटल्यानंतर येते. ॲपल कंपनीनं २०२२ साली सीरिज ८ घड्याळात मनगटाचं तापमान मोजणारे सेन्सर दिले, तेव्हा कंपनीनं स्वतःच 'बीजोत्सर्ग होऊन गेल्यानंतरचा अंदाज' असे शब्द वापरले. कंपनीचे शब्द जपून निवडलेले असतात. रील बनवणाऱ्यांचे नसतात.

मग कोणते दिवस महत्त्वाचे?

ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीचे नमुने तपासले होते. १९९५ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजही या विषयातला पाया मानला जातो. त्यात दिसलं की गर्भ फक्त सहा दिवसांतल्या संबंधांतून राहिला: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच दिवस. दुसऱ्या दिवसापासूनच्या संबंधांतून एकही गर्भ राहिला नाही.

याचं कारण पुरुषबीज. स्त्रीच्या शरीरात ते पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. म्हणून बीज सुटायच्या आधी पुरुषबीज तिथं पोचून थांबलेलं असणं जास्त फायद्याचं. आपल्या उदाहरणात ते दिवस होते १२ ते १७. तापमानाचा आकडा त्या सगळ्या दिवसांत खालीच होता.

याच गटानं २००० साली आणखी एक गोष्ट दाखवली. 'दहाव्या ते सतराव्या दिवसात प्रयत्न करा' हा सल्ला सगळीकडे दिला जातो, पण त्यांच्या अभ्यासात साधारण ३० टक्के स्त्रियांचेच सहाही दिवस या चौकटीत पूर्ण बसले. बाकीच्यांचे काही दिवस आधी किंवा नंतर होते. पाळी नियमित असलेल्या स्त्रियांमध्येही हा फरक दिसला. चौदाव्या दिवसाला आपल्याकडं जे महत्त्व दिलं जातं, त्यात फारसा अर्थ नाही.

दिवस मोजण्यावर भिस्त ठेवण्याचा एक मोठा प्रयोग भारतात उलट्या कारणासाठी होऊन गेला आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री असताना, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं डॉ. अब्राहम स्टोन यांनी दिल्लीची लोदी कॉलनी आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यातलं रामनगरम इथं 'सुरक्षित दिवसां'ची पद्धत शिकवली. पाळणा लांबवायचा होता. बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या होत्या, रोज एक मणी सरकवायचा, रंगावरून दिवस ओळखायचा. प्रयोगाला यश आलं नाही. माळ, कागद किंवा ॲप, यातलं काहीही फक्त मागच्या महिन्यांवरून पुढचा महिना सांगत असेल तर त्याची मर्यादा एकच आहे: पुढचा महिना मागच्यासारखा असेलच असं नाही. आणि यावरून आणखी एक ताकीद: मूल होण्यासाठी घेतलेलं ॲप मूल थांबवण्यासाठी वापरू नका. नॅचरल सायकल्स या स्वीडिश ॲपला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ साली गर्भनिरोधक म्हणून परवानगी दिली आहे, पण ती त्या एका ॲपला, त्याच्या नियमांसह. तुमच्या अंगठीला ती लागू होत नाही.

तरीही अंगठीचा उपयोग आहे

उशिरा मिळालेली माहितीही कामाची असते, फक्त ती त्या महिन्यासाठी नसते. सलग तीन महिने नोंद झाली की दोन गोष्टी कळतात. एक, बीज सुटतं की नाही. दोन, साधारण कधी सुटतं. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ एकाच बाईत फारसा बदलत नाही, बहुतेकींमध्ये १२ ते १४ दिवसांचा असतो. पाळी लांबते किंवा लवकर येते ती मुख्यतः आधीचा भाग लांबल्या-आखडल्यामुळं.

ज्या घरात नवरा-बायको रोज एकत्र असतात, तिथं याची गरज फार कमी. ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेचा सल्ला आहे की दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवा, तारखा मोजत बसू नका. या सवयीत ते सहा दिवस आपोआप येतात. पण वैजापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांत नवरा चाकणला किंवा पुण्याला कंपनीत असतो आणि शनिवारी रात्री येऊन सोमवारी पहाटे परत जातो. अशा जोडप्याला 'दर दोन दिवसांनी' हा सल्ला देऊन उपयोग नाही. त्यांचे सहा दिवस मंगळवार ते रविवार आले तर महिना हाती लागतो. रविवारी सुरू होऊन शुक्रवारी संपले, तर आधीच्या रविवारचे पुरुषबीज पाच दिवस तग धरतील एवढ्याच आशेवर राहावं लागतं. तीन महिन्यांची नोंद हाताशी असेल तर त्या आठवड्यात एक रजा कधी टाकायची ते ठरवता येतं. कंपनीत सुपरवायझरला कारण काय सांगायचं, हा वेगळा प्रश्न.

वैजापूरची रात्र आणि सेन्सर

थर्मामीटर तोंडातलं, म्हणजे शरीराच्या आतलं तापमान घेतो. अंगठी आणि घड्याळ कातडीचं घेतात. कातडी बाहेरच्या हवेनुसार गार-गरम होत राहते. म्हणून ही उपकरणं रात्रभर शेकडो नोंदी घेतात, नको ते चढ-उतार गाळतात आणि सकाळी तुमच्या नेहमीच्या पातळीपेक्षा किती वर किंवा खाली आहे तेवढं दाखवतात. ॲपलचं घड्याळ झोपेत दर पाच सेकंदांनी नोंद घेतं. दंडाला बांधायचे पट्टेही मिळतात, ते काखेजवळचं तापमान मोजतात.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५७ स्त्रियांवर मनगटाचं तापमान आणि तोंडातलं तापमान यांची तुलना झाली. बीज सुटल्याची वाढ मनगटाच्या पट्ट्यानं थर्मामीटरपेक्षा जास्त वेळा पकडली. पण जिथं बीज सुटलं नव्हतं तिथं 'सुटलं' म्हणण्याची चूकही त्यानं जास्त केली. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची.

उपकरण बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जी रात्र असते, त्यात खोलीचं तापमान सारखं असतं आणि माणूस सलग सहा-सात तास झोपतो. मराठवाड्यातली मे महिन्यातली रात्र तशी नसते. अंथरूण गच्चीवर किंवा अंगणात असतं, पहाटे गारवा सुटतो. पावसाळ्यात मध्येच लाईट जाते, पंखा बंद होतो, अंग घामानं भिजतं. शेतीची वीज रात्रीची असेल त्या आठवड्यात मोटर चालू करायला, बारं द्यायला घरातलं कुणीतरी उठतं आणि त्याच्याबरोबर घर जागं होतं. कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत तर पहाटेपासून कामाची घाई. यातल्या एका रात्रीनं आलेख बिघडत नाही. ॲप अनेक रात्रींचा कल बघतं. पण अशा रात्री दहा असतील तर त्या महिन्याच्या निकालावर विसंबू नये. थर्मामीटर वापरत असाल तर निदान तीन-चार तास सलग झोप झालेली असावी आणि वेळ रोज साधारण तीच असावी.

आपल्याकडच्या आलेखाला आणखी एक गोष्ट फसवते, आणि ती परदेशी ॲपला ठाऊक असण्याचं कारण नाही. महालक्ष्म्या, नवरात्र, घरातलं लग्न आलं की पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात. या गोळ्यांतलं औषध प्रोजेस्टेरॉनसारखं काम करतं. ती घेतल्यावर तापमान वर राहू शकतं, पाळीचं चक्रही सरकतं. ॲप त्याला बीजोत्सर्ग समजू शकतं. मूल हवं असताना या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत, आणि घेतल्या असतील तर तो महिना नोंदीतून वगळावा.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्वस्त गोष्टी

डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत येतो. एका दशांशापर्यंत फॅरनहाईट दाखवणारा साधा थर्मामीटरही अर्ध्या अंशाची वाढ ओळखायला चालतो. वही, पेन आणि शिस्त एवढं लागतं.

पण बीज सुटायच्या *आधी* कळायला हवं असेल तर तापमान सोडून दुसऱ्या खुणांकडं बघावं लागतं. मेडिकलमध्ये ओव्ह्युलेशन किट मिळतं. प्रेग्नन्सी टेस्टसारखीच पट्टी, ती लघवीतलं एलएच ओळखते. दोन्ही रेघा सारख्या गडद आल्या की पुढच्या एक-दीड दिवसात बीज सुटण्याची शक्यता असते. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये एलएच आधीच वाढलेलं असू शकतं, तेव्हा पट्टी खोटी आशाही दाखवते.

दुसरी खूण फुकट आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. बीज सुटायच्या आधीच्या दिवसांत योनीमार्गातून पातळ, पारदर्शक, बोटांत धरल्यास तार निघेल असा स्राव येतो, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा. पुरुषबीजाला वर जायला तोच मदत करतो. ऑस्ट्रेलियातल्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दाम्पत्यानं याच खुणेवर आपली पद्धत उभी केली. आपल्याकडं मात्र कोणताही स्राव दिसला की "अंगावरून पांढरं जातंय" म्हणून घाबरायचं, अशक्तपणा येईल म्हणायचं, आणि काही जणी त्या दिवसांत संबंध टाळतात. म्हणजे नेमके तेच दिवस हातचे जातात. स्रावाला घाण वास असेल, खाज असेल, तो दह्यासारखा किंवा हिरवट-पिवळा असेल तर मात्र तो आजार आहे, औषध घ्यायला हवं.

डॉक्टर जी फॉलिक्युलर स्टडी करायला सांगतात, तीत सोनोग्राफीवर पिशवी किती वाढली आणि फुटली का हे प्रत्यक्ष दिसतं. ती साधारण नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड असते. गावातून दर वेळी येणं म्हणजे भाडं आणि बुडालेला रोज. आधीच्या तीन महिन्यांची तापमानाची वही सोबत असेल तर सोनोग्राफी कोणत्या दिवशी सुरू करायची याचा अंदाज डॉक्टरांना येतो, आणि एखाद-दोन फेऱ्या वाचू शकतात.

आलेख सुरेख, तरी दिवस राहत नाहीत

तापमान फक्त बीजकोशाबद्दल बोलतं. नळ्या उघड्या आहेत का, गर्भपिशवीचं अस्तर निरोगी आहे का, हे त्याला कळत नाही. जननेंद्रियांचा क्षयरोग भारतात वंध्यत्वाचं एक महत्त्वाचं कारण आहे. तो नळ्या बंद करू शकतो आणि तरीही काही जणींची पाळी महिन्याच्या महिन्याला येत राहते, आलेख व्यवस्थित दोन पायऱ्यांचा दिसतो. क्वचित पिशवी न फुटताच प्रोजेस्टेरॉन बनवू लागते, तेव्हा तापमान वाढतं पण बीज बाहेर आलेलंच नसतं.

उलट बाजूनं, तीन महिने आलेख सपाटच राहिला, किंवा पाळी ३५ दिवसांपेक्षा लांबते, दोन-दोन महिने येत नाही, तर आणखी सहा महिने अंगठी घालून वाट बघण्यात अर्थ नाही. पीसीओएस, थायरॉईड, प्रोलॅक्टिन यांच्या तपासण्या साध्या आहेत आणि बीज सुटायला मदत करणारी औषधंही आहेत. डोक्यावर वेळ पडते ती इथं: ॲप रोज काहीतरी दाखवत राहतं, त्यामुळं काहीतरी चालू आहे असं वाटतं आणि तपासणी पुढं ढकलली जाते.

डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम असा आहे की बाईचं वय ३५ च्या आत असेल तर एक वर्ष नियमित प्रयत्न करून मग तपासणी, ३५ च्या पुढं असेल तर सहा महिन्यांनी. पाळी अनियमित असेल, आधी क्षयरोग झाला असेल, पोटाचं ऑपरेशन झालं असेल किंवा नवऱ्याला मोठेपणी गालगुंड होऊन वृषणाला सूज आली असेल तर थांबायचंच नाही. दुसरीकडं, बावीस-तेवीस वर्षांच्या सुनेला लग्नानंतर पाच महिन्यांत 'काहीतरी दोष आहे' म्हणून दवाखान्यात नेण्याचीही गरज नाही. दर १०० जोडप्यांपैकी ८० हून जास्त जोडप्यांना वर्षाच्या आत दिवस राहतात, आणि त्यातल्या पुष्कळांना पहिल्या दोन-तीन महिन्यांत राहिलेले नसतात. या काळात फोलिक ॲसिडची गोळी सुरू करणं जास्त कामाचं, कारण बाळाच्या मेंदू-मणक्याची घडण पाळी चुकल्याचं कळेपर्यंत सुरू झालेली असते.

ही माहिती कुणाची?

पाळीच्या तारखा, संबंधांच्या तारखा, तापमान. हे सगळं ॲपमध्ये जातं. फ्लो हे पाळीची नोंद ठेवणारं प्रसिद्ध ॲप. वापरकर्त्यांची खासगी माहिती त्यानं फेसबुक आणि गुगलसारख्या कंपन्यांपर्यंत पोचवली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं केला आणि २०२१ मध्ये त्यावर तडजोड झाली. भारतात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे. तरी ॲप टाकताना ते कोणत्या परवानग्या मागतं हे बघणं तुमच्याच हातात आहे.

गावात कंपनीपेक्षा घरातली गळती जास्त जवळची असते. ॲप नवऱ्याच्या फोनवर असेल, फोन दिराच्या हातात असेल, तर बाईच्या पाळीचा आलेख सगळ्या घराचा होतो. "या महिन्यात पण अंडं फुटलं नाही" हे वाक्य तिनं डॉक्टरांच्या तोंडून ऐकण्याआधी सासूच्या तोंडून ऐकायला मिळणं, ही कल्पना फार ताणलेली नाही.

आणि अंगठी नसलेलं बोट

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण दर सहा जणांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडची कारणं, एकटी किंवा स्त्रीकडच्या कारणांसोबत, सापडतात. आणि तरी सेन्सर बाईच्या बोटात, थर्मामीटर बाईच्या तोंडात, उपास बाईला. पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे वीर्य तपासणी. ती खासगी लॅबमध्ये काही शे रुपयांत होते, म्हणजे अंगठीच्या किमतीत जोडप्याच्या सगळ्या सुरुवातीच्या तपासण्या होऊन पैसे उरू शकतात. तपासणीला टाका नाही, ऑपरेशन नाही, बिचकणं मात्र खूप. "माझ्यात काही नाही" हे वाक्य रिपोर्टशिवाय म्हटलं जातं.

पुरुषबीज तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून गेल्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर एका रिपोर्टवरून निर्णय होत नाही, पुन्हा तपासावं लागतं. भट्टीजवळचं काम, तंबाखू, दारू यांचाही परिणाम होऊ शकतो.

वैजापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, पुढच्या उपचारांसाठी संभाजीनगरला घाटी. आयव्हीएफपर्यंत वेळ आली तर क्लिनिक २०२१ च्या कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हे आधी विचारावं. पहिल्या भेटीला दोघांनी जावं आणि सोबत तीन महिन्यांच्या पाळीच्या तारखा न्याव्यात, ॲपमधून असोत की वहीतून.

वीर्य तपासणीच्या आधी २ ते ७ दिवस संबंध ठेवायचे नसतात. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यायचा असतो. घरून न्यायचा असेल तर लॅबनं दिलेल्या डबीतच, आणि तासाभराच्या आत. वाटेत तो गार पडू नये म्हणून डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायला सांगतात.